दहाच्या आधीचा आवाज

लग्नसराई असो की गणपती, जळगाव-धुळ्याच्या गल्लीबोळांत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘दहापर्यंत वाजू द्या, मग बंदच करायचंय.’ बोलणाऱ्याला वाटतं, आपण कायदा पाळतोय. खरं तर दहाच्या आतही कायदा तितकाच लागू असतो.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या किमान शंभर मीटरच्या जाहीर शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेहून 10 डेसिबल जास्त किंवा 75, यांपैकी जे कमी तेवढंच चालतं. म्हणजे वस्तीत भर दुपारीही 65. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत मुभा देता येते, पण ती वेळेची. आवाजाच्या पातळीची नव्हे. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. 65 च्या जागी 95 वाजलं, तर ती हजारपट झालेली असते.

मग आपण घड्याळच का धरून बसलो? कारण ते प्रत्येकाच्या मनगटावर आहे. दहा वाजले की वाद उरत नाही. पातळी मात्र यंत्रानं मोजावी लागते, नोंदवावी लागते, गर्दीच्या तोंडावर सांगावी लागते. जे राबवायला सोपं, तेवढाच कायदा शिल्लक राहिला. त्याची किंमत मोजतात ते रात्रपाळी करून दिवसा झोपणारे एमआयडीसीतले कामगार, बाळंतिणी, दवाखान्यात पडून असलेले रुग्ण, अभ्यासाला बसलेली पोरं. त्यांना उठून दुसरीकडे जाता येत नाही.

त्यांनी तक्रार करावी, हे म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या दारात डीजे वाजतो त्याच्याच शेजारी उद्या राहायचं असतं. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तक्रारदाराची ओळख न पडताळता पोलिसांनी कारवाई करावी, असं सांगितलं, ते याच भीतीमुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या ध्वनिप्रदूषणावरच्या 2005 च्या निकालामागची याचिका तर एका लहान मुलीवरच्या अत्याचारातून आली होती. लाऊडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या हाका कुणाच्या कानी पडल्या नाहीत. मोठा आवाज माणसाची हाकही गिळतो, याहून गंभीर कारण कोणतं हवं?

‘आवाज नाही तर सण कसला?’ या प्रश्नाचं उत्तर खान्देशानं केव्हाच दिलं आहे. कार्तिकी एकादशीला निघणारा जळगावचा श्रीराम रथ 1872 पासून चालत आला आहे. माणसं तो ओढतात, चाकाला मोगरी (लाकडी अडसर) लावून त्याला आवरतात, वळवतात. भिंतीएवढे स्पीकर नसतानाही त्या गर्दीची भक्ती कधी कमी पडली नाही. जुन्या धुळ्यातल्या खुनी गणपतीची गोष्ट अधिक मोलाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मशिदीसमोरून जाणाऱ्या मिरवणुकीवरून तिथं रक्त सांडलं. आज त्याच गणपतीच्या पालखीचं मशिदीपाशी फुलांनी स्वागत होतं. समोरच्याच्या कानाचा आणि मनाचा विचार करूनही उत्सव मोठा होतो, हे इथल्याच माणसांनी दाखवलं.

म्हणून शांततेचा भार तक्रारदारावर टाकणं थांबलं पाहिजे. आवाज जो आणतो, जबाबदारी त्याची. परवानगीच्या कागदावर वेळेइतक्याच ठळकपणे डेसिबलचा आकडा यावा, मिरवणुकीच्या वाटेवरचे दवाखाने आणि शाळा आधीच नोंदवल्या जाव्यात, पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता मोजणी करावी आणि ते आकडे जाहीर करावेत. मंडळांनी स्पीकरवाल्याशी बोली करतानाच पातळीची अट घालावी. उत्सव सगळ्या गावाचा म्हणायचा असेल, तर गावातला आजारी माणूसही त्या गावात धरला पाहिजे.