पीस उपटलंस, रक्त कसं उपटशील?

परीक्षकाला नावं ठेवणं आधी बंद कर. त्याने तुझा कोंबडा पिंजऱ्यातून काढला, पंख उघडला, पायांवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत ठेवला. जे होतं ते त्याला कळलं. मग तुला राग कशाचा आला? त्याला कळलं याचा, की तुला ते त्याच्या आधीपासून माहीत होतं याचा?

माहीत होतंच. नडगीच्या बाहेरच्या बाजूला बारीक पिसांचे खुंट होते. ऑगस्टमध्ये मीच बोट ठेवून दाखवले होते. तू मान डोलावलीस. आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री चिमटा घेऊन बसलास. एकेक खुंट उपटलास, वरून व्हॅसलीन चोळलंस. अरे, ज्याचं अर्धं आयुष्य कोंबड्या हाताळण्यात गेलं, त्याच्या अंगठ्याला पिसाचं भोक लागणार नाही, असं वाटलं तुला? हे प्रदर्शनाच्या नियमात बसत नाही, हेही तुला ठाऊक होतं. नियमावली तूच मला वाचून दाखवली होतीस.

बरं, परीक्षक फसला असता, तर पुढे काय? हाच कोंबडा गेल्या वसंतात तू सगळ्या कोंबड्यांवर सोडलास. या वर्षीच्या पिल्लांच्या पायांवर तेच खुंट आहेत. किती जणांच्या? मोजलंस? नाही मोजलंस. मोजलं की मान्य करावं लागतं.

विल्यम कुकचं नाव तुझ्या तोंडात सारखं असतं. तेव्हा केंटमध्ये असलेल्या त्याच्या ऑर्पिंग्टनला जाऊन फोटो काढून आलास, आल्यागेल्याला दाखवतोस. पण त्या माणसाने केलं काय, ते कधी नीट पाहिलंस का? धंद्याने कोचमन. घोडे सांभाळून उरलेल्या वेळात कोंबड्या. 1886 मध्ये त्याने काळी ऑर्पिंग्टन लोकांपुढे आणली. काळीच का? लंडनच्या धुरात आणि काजळीत मळकी दिसू नये म्हणून. कातडी पांढरी का? इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलाला तशीच लागायची म्हणून. मिनोर्काचा कोंबडा आणि काळ्या प्लिमथ रॉकच्या कोंबड्या, त्यांच्यापासून झालेल्या तलंगा, आणि त्या तलंगांना लँगशानचा कोंबडा. आता ऐक. लँगशानच्या पायांवर पिसं असतात. कुकने त्यातून स्वच्छ पायांचे कोंबडे हुडकून काढले आणि तेच वापरले. त्याच्याकडेही चिमटा असेलच की! त्याने निवड केली. तू लपवाछपवी केलीस.

पुढे 1894 मध्ये त्याने बफ, म्हणजे तुझ्याकडे आहे ती पिवळसर ऑर्पिंग्टन, काढली. तीत हॅम्बर्ग आली, डॉर्किंग आली आणि कोचीन आली. कोचीनच्या तर बोटांपर्यंत पिसं. म्हणजे हे खुंट या जातीच्या रक्तात पहिल्यापासून टपून बसलेले आहेत. दर पिढीला कुणीतरी त्यांना बाहेर ठेवावं लागतं. गेली सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं लोकांनी ते काम केलं, म्हणून तुला स्वच्छ पायांच्या कोंबड्या आयत्या मिळाल्या. तुझ्या खुराड्यात ते काम कुणी करायचं? मी?

आता तुझी दुसरी सबब. "मावशी, उन्हाने रंग उडाला." केंटचं ऊन! उन्हाने बफ फिका पडतो, खरं आहे. म्हणून तर प्रदर्शनाचे पक्षी सावलीत ठेवतात, हे तुला पहिल्याच वर्षी सांगितलं. पण ऊन वरून लागतं. पिसाच्या मुळाशी ऊन पोचतं का? मिटलेल्या पंखाच्या आत पोचतं का? पाठीवरची पिसं फुंकर घालून बाजूला कर आणि खाली बघ. बफला तो रंग कातडीपर्यंत लागतो, पिसाच्या दांडीतही लागतो. तुझ्या त्या बुंदी कोंबडीच्या अंगावर खाली राखाडी-पांढरट पट्टा आहे. पंख उघडला की दोन मोठी पिसं सरळ पांढरी. लाडूच्या शेपटीत काळे ठिपके. हे उन्हाने केलं? पांढरं आणि काळं दोन्ही एकाच उन्हाने केलं?

रंगाच्या बाबतीत तू आणखी एक चलाखी केलीस. कोंबडा गडद, कोंबड्या फिक्या, म्हणजे पिल्लं मधल्या रंगाची होतील, असा हिशोब मांडलास. कोंबडीच्या अंगात रंग चहात दूध ओतल्यासारखा मिसळत नाही, बाबा. पिल्लं निघाली ठिगळांची. मान गडद, छाती फिकी, पिसाच्या कडेला वेगळीच रेघ. बफची सगळी कमाई एकसारखेपणात आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच छटा, मग ती थोडी फिकी असो वा थोडी गडद. त्यासाठी एकमेकांच्या जवळच्या छटांचे पक्षी एकत्र ठेवावे लागतात. हे तू तोंडपाठ म्हणून दाखवशील. म्हणून तर चीड येते. अडाण्याला शिकवता येतं. जाणून न करणाऱ्याला काय शिकवायचं?

"त्यांच्यावर माझा जीव आहे, एकही काढवत नाही." वा! जीव आहे म्हणून अकराच्या अकरा कोंबड्या पैदाशीला? जीव लावायला कुणी अडवलंय? बुंदीला मांडीवर घे, हाताने दाणे भरव, म्हातारी होऊन मरेपर्यंत सांभाळ. फक्त तिची अंडी उबवायला ठेवू नकोस. काढणं म्हणजे मान मुरगाळणं नव्हे, हे तुला पुरतं ठाऊक आहे. परसात अंड्यांपुरत्या चार कोंबड्या हव्यात असं म्हणणारी माणसं या भागात गल्लोगल्ली आहेत. त्यांना पंखातल्या दोन पांढऱ्या पिसांशी काय देणंघेणं? तुला निवड करायची नाही, कारण निवड केली की "ही माझ्याकडून वाईट निघाली" असं म्हणावं लागतं. त्याला तू प्रेमाचं नाव दिलंस.

आणि वेळ! वेळ नाही म्हणतोस. जूनमध्ये अंडी उबवणीच्या मशीनमध्ये ठेवलीस. एकवीस दिवस धर, जुलै उजाडला. ऑर्पिंग्टन सावकाश भरणारी जात. इंग्रजांच्या मोजमापात कोंबडा साडेचार किलोच्या वर लागतो, कोंबडी साडेतीनच्या वर. जुलैचं पिल्लू नोव्हेंबरच्या प्रदर्शनात उभं केलंस तर काय दिसणार? लांब पाय, रिकामी छाती, अंगावर अर्धवट पिसं. मग म्हणतोस, "खाद्य बदलायला हवं होतं." खाद्याचा काय दोष? फेब्रुवारीत अंडी ठेवायची होती. फेब्रुवारीत थंडी होती म्हणे. थंडी सगळ्यांच्याच दारात होती.

मार्चमधलं तर मला आठवलं तरी डोकं फिरतं. उसना कोंबडा आणलास, चांगला होता, आणि चार दिवसांत अंडी गोळा करून मशीनमध्ये टाकलीस. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. तीन आठवडे थांब म्हणून मी बजावलं होतं. थांबला नाहीस. आता त्या पिल्लांचा बाप कोण? तुला माहीत नाही. मलाही नाही. आणि वहीत तर काहीच नाही, कारण वही कोरी आहे. पायात रंगीत कड्या घातल्यास, पण कुठली कडी कुणाची हे लिहिलंच नाहीस. मग त्या कड्या काय दागिने म्हणून घातल्यास?

बाकीचं थोडक्यात. पिसांच्या बुडाशी उवा होत्या. पावडर घरात होती, डबा उघडलेला नव्हता. आंघोळ आदल्या दिवशी घातलीस. पिसांवर तेलाची झाक परत यायला, ती फुलायला चार-पाच दिवस तरी लागतात. म्हणून पिंजऱ्यात तो कोंबडा भिजल्या गोधडीसारखा दिसत होता. पैदाशीच्या वेळी शेपटीखालची पिसं कातरली नाहीस आणि अंडी भरत नाहीत म्हणून मशीनला दोष दिलास. इतक्या दाट पिसांच्या जातीत ती कातरावीच लागतात. आणि ती सरकारी नोंदणी. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी पाळली तरी नोंद सक्तीची आहे. बर्ड फ्लूची साथ कुठे पसरतेय, कुणाला कळवायचं, हे समजावं म्हणून ती आहे. दहा मिनिटांचं काम. तू महिनोन् महिने टाळलंस. शेजारच्या गावात साथ आली असती, तर तुला कुणी आणि कसं कळवलं असतं?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्याच प्रदर्शनात तू माझ्या शेजारी उभा होतास. पलीकडच्या रांगेतल्या एका निळ्या कोंबडीकडे लांबूनच पाहून म्हणालास, "मावशी, तुऱ्याला बाजूने काटा फुटलाय." मी जवळ जाऊन पाहिलं. होता. इतका बारीक की मला चष्मा लावावा लागला. निळ्याला निळा लावला तर पिल्लांत निम्मी निळी, पाव काळी, पाव पांढुरकी ठिपक्यांची, हे तू त्या कोंबडीच्या मालकाला उभ्या उभ्या समजावून सांगितलंस. तो तुझ्याकडे बघतच राहिला. अशी नजर मी फार थोड्या जणांत पाहिली आहे. मग ती तुझ्या स्वतःच्या फाटकाशी आल्यावर का मिटते? परक्याच्या तुऱ्यावरचा काटा दिसतो, आपल्या नडगीवरचे खुंट दिसत नाहीत? दिसतात. दिसतात म्हणून तर चिमटा हातात घेतलास.

तुला जमत नसतं तर मी एवढं बोललेच नसते. चार गोड शब्द बोलून, चहा पिऊन घरी गेले असते.

आता काम. तो कोंबडा पैदाशीतून आजच बाहेर काढ. ज्याला देशील त्याला पायाचं खरं सांगून दे. दुसरा कोंबडा कुठून आणायचा ते मी बघते. पण तो आला की तीन आठवडे, पूर्ण तीन आठवडे, एकही अंडं मशीनमध्ये जाणार नाही. पहिली अंडी फेब्रुवारीत ठेवायची. थंडी असली तरी. वही आजपासून, आणि वहीत पक्ष्यांची लाडाची नावं नकोत, कडीचा रंग आणि आकडा हवा. प्रत्येकीचा पंख उघडून, पिसं मुळापर्यंत पाहून, दोष आधी लिहायचे. गुण नंतर.

अकरांपैकी तीन कोंबड्या पैदाशीला ठेवण्यासारख्या आहेत. कुठल्या तीन, ते मी सांगणार नाही. तुला माहीत आहे. रविवारी सकाळी येते, तोवर त्या तिघी वेगळ्या खुराड्यात दिसल्या पाहिजेत.