गाडी खाली आणणे

माणसाने वर जावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण. इयत्तेत वर, नोकरीत वर, आणि शेवटी जायचे तेही वरच. त्यामुळे सांगलीच्या भाच्याने, ‘मामा, मला गाडी दोन इंच खाली आणायचीय,’ असे फोनवर सांगितले, तेव्हा त्याची समजूत घालायला मी साताऱ्याहून निघालो. पोचलो तेव्हा गाडी अंगणात जॅकवर चढली होती. गाडी साधी, घरगुती; तिची स्पोर्ट्स कार व्हायची होती.

सांगलीत उंची मोजायची ती पाण्याची, आयर्विन पुलापाशी आणि फुटांत. 2019 चा महापूर पाहिलेल्या गावात कोणी आपणहोऊन गाडी खाली आणील, हे मला पटेना. भाच्याचे म्हणणे, गुरुत्वमध्य खाली आला की गाडी वळणावर कमी कलते. हे खरेच आहे. पण नव्या स्प्रिंगा त्याला परवडत नव्हत्या. तो जुन्याच कापणार होता. वेटोळे कमी केले की स्प्रिंग आखूड होते, तशी कडकही होते. चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही, आणि रस्त्यातला खड्डा थेट आपल्या मणक्यात येतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52! कंपनीने मुळात ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. मी हे ऐकवले.

‘मामा, गाडी माझी, पैसे माझे. कुणाच्या बापाचं काय जातं?’

गाडी तुझी, पण ब्रेक लागला नाही तर ती ज्याच्यावर जाईल तो तुझा नव्हे, हे वाक्य मला सुचले. पण आठवड्याने, साताऱ्यात, दाढी करताना. त्या वेळी मी एवढेच म्हणालो, ‘बॅटरी कुठं धरू?’ तरुण पोरगा आपल्याला हाताशी घेतोय, याचे उतारवयात फार अप्रूप असते. त्यापायी पुष्कळ तत्त्वे गिळली जातात.

पुढच्या महिन्यात तो ताईला घेऊन साताऱ्याला आला. ताईचे गुडघे दुखरे. त्या सीटवर ती बसली नाही, पडली. पहिल्या तीन स्पीडब्रेकरना गाडीचे पोट घासले, म्हणून चौथ्यापासून ताई उतरायची, स्पीडब्रेकर चालत ओलांडायची आणि पुन्हा आत पडायची. घरात पाऊल टाकताच, पाणीसुद्धा न घेता तिने मला विचारले, ‘ही अक्कल याला कुणी दिली रे?’

भाच्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. फार सभ्य मुलगा. मी चहा टाकायला आत गेलो.