नाइस म्हणजे अडाणी

'नाइस' म्हटलं की सुटका होते. शेजारणीनं नवे पडदे दाखवले, भाच्यानं चित्र पुढे केलं, कुणी आपली कविता वाचून दाखवली (ही वेळ सगळ्यांत अवघड), की एवढा एक शब्द पुरतो. कौतुक केल्यासारखं होतं आणि नेमकं काय आवडलं ते सांगावं लागत नाही.

या गोड शब्दाचा पूर्वज मात्र टाकून बोलण्यातला. लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे न आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं. त्यातून 'नेस्किउस', म्हणजे न जाणणारा. आपल्या 'अज्ञ'ची घडण हुबेहूब अशीच. 'सायन्स'ही त्याच 'स्कीरे'चं अपत्य. फ्रेंचमार्गे इ. स. १३००च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, तो 'मूर्ख' या अर्थानं. पुढे तो चंचल झाला, लाजरा झाला, चोखंदळ झाला, काटेकोर झाला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मजकुरात तो यांपैकी नेमक्या कोणत्या अर्थानं आलाय, हे कोशकारांनाही पुष्कळदा ठरवता येत नाही. 'छान' हा अर्थ अठराव्या शतकातला.

जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यातला हेन्री टिल्नी या शब्दावरून कॅथरिनची फिरकी घेतो: हवा नाइस, फेरफटका नाइस, तुम्ही दोघी मुली नाइस, पुस्तकही नाइस! त्याच्या मते शब्दाचा मूळ अर्थ नीटनेटका, नाजूक, सुसंस्कृत. गंमत अशी की मूळ अर्थाचा आग्रह धरणारे हे विद्वान वाटेतल्याच एका मुक्कामावर थांबलेत. आणखी मागे गेले असते तर त्या दोघी मुली मूर्ख ठरल्या असत्या. शब्दांच्या शुद्धतेचे पहारेकरी बहुधा असेच, सोयीच्या शतकात तळ ठोकून बसलेले असतात.

मराठीत 'शिष्ट' हा शब्द 'नाइस'च्या बरोबर उलटा चालत गेला. संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकवलेला, शिस्तीतला, ज्याचं वागणं इतरांनी गिरवावं असा. आज लग्नघरात कुणाशी न बोलता बसलेल्या बाईकडे पाहून 'फार शिष्ट आहे हो' म्हणतात, ते काही कौतुकानं नव्हे. 'शिष्टाचार' आणि 'शिष्टमंडळ' यांनी तेवढी जुनी अब्रू राखली आहे.

मला वाटतं, 'नाइस'मधलं अज्ञान कुठे गेलेलं नाही. पूर्वी ते ज्याला नाइस म्हणायचे त्याच्यात होतं, आता ते म्हणणाऱ्याकडे आलंय; बघायचं नसतं, तेव्हाच तर आपण तो शब्द वापरतो. तेव्हा भाच्यानं पुढच्या खेपेला चित्र आणलं तर निदान एवढं विचारा, की यातली गाय निळी का आहे.