उद्यावर टाकलेले कर्म : सबुरी, विचार आणि चालढकल

एखादे काम करणे योग्य आहे, ते आपल्याच हिताचे आहे आणि लांबणीवर टाकल्यास नुकसान आपलेच होणार आहे, हे सारे कळत असूनही माणूस ते आज न करता उद्यावर ढकलतो, ही रोजच्या जगण्यातील अगदी साधी बाब तत्त्वचिंतकांना मात्र प्राचीन काळापासून कोड्यात टाकत आली आहे. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादातील सॉक्रेटिसाने हे कोडे मुळातच नाकारले; त्याच्या मते हित कोणते ते ज्याला खरोखर कळले तो अहिताकडे वळणारच नाही, आणि जो वळतो त्याला ते कळलेलेच नसते. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सातव्या भागात या उत्तराला हरकत घेतली आणि कळते पण वळत नाही या अवस्थेची, जिला ग्रीक परंपरेत ‘अक्रेसिया’ म्हणतात, स्वतंत्र चिकित्सा केली. मानसशास्त्रज्ञ पियर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेताना चालढकलीची व्याख्याही याच अंगाने केली : लांबविल्याने आपलेच बिघडेल अशी अपेक्षा असूनही योजलेले काम स्वखुशीने लांबविणे म्हणजे चालढकल. म्हणजेच केवळ उशीर होणे ही चालढकल नव्हे. स्वतःच्याच निर्णयाविरुद्ध स्वतः वागणे हा तिचा गाभा आहे.

ही अवस्था जवळून पाहायची तर श्रीरामपूरसारख्या पाटपाण्यावर उभ्या राहिलेल्या तालुक्यातील शेतीव्यवहार पुरेसा बोलका आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला. तेव्हापासून येथील शेतकऱ्याचे वर्ष आवर्तनांना, म्हणजे कालव्याला ठरावीक मुदतीने सुटणाऱ्या पाण्याच्या पाळ्यांना, बांधलेले आहे. पाणी हवे असेल तर पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज मुदतीत भरावा लागतो, त्यात पीक आणि क्षेत्र नमूद करावे लागते, मागील पाणीपट्टीची थकबाकी भरावी लागते, आणि मंजुरी नसताना पाणी घेतल्यास पंचनामा होऊन दंडाची आकारणी होते. हे नियम ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांच्यापैकीही काहींचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात तसाच पडून राहतो. अर्ज भरायला पाव तास लागतो, हे अशा शेतकऱ्याला ठाऊक असते; पण कागद हातात घेतला की थकबाकीचा आकडा समोर येणार, आकडा समोर आला की भावाशी न झालेला हिशेब आठवणार, आणि हिशेब आठवला की वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर अजून न लागलेली वारसनोंद डोक्यात घोळू लागणार. त्याला टाळायचा असतो तो अर्ज नव्हे, तर अर्जामागे उभा असलेला मनस्ताप. फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच मांडले, की चालढकल ही वेळेच्या नियोजनातील उणीव असण्यापेक्षा नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेण्याची रीत अधिक असते.

भारतीय परंपरेने हा संबंध फार पूर्वीच हेरला होता. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन प्रकारच्या कर्त्यांचे वर्णन येते. त्यांतील तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’, म्हणजे काम लांबवीत राहणारा, हे लक्षण अगदी शेवटी असून त्याच्या लगत आधी ‘विषादी’, म्हणजे खिन्न मनाचा, हे लक्षण आहे. आळशी, खिन्न आणि दीर्घसूत्री ही तिन्ही ओळीने बसविणाऱ्याने मरगळ, खिन्नता आणि चालढकल यांची साखळी ओळखलेली दिसते. श्रीरामपूरला लागून असलेल्या नेवासे येथे, याच प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी या श्लोकासह अवघी गीता मराठीत उलगडली, त्यामुळे कर्माच्या या त्रिविध विचाराला या परिसरात सातशेहून अधिक वर्षांचा वारसा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. त्यांत ‘स्त्यान’ आणि ‘आलस्य’ हे दोन वेगळे मोजलेले आहेत. व्यासभाष्यानुसार स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, तर आलस्य म्हणजे जडपणामुळे शरीर आणि चित्त कामाला प्रवृत्तच न होणे. दिवसभर उसाच्या सरीत राबणारा माणूस कागदपत्रांपुढे हतबल का होतो, याचा उलगडा या भेदातून होऊ शकतो. त्याच्या अंगात आळस नसतो, पण त्या एका विषयापुरते चित्त गोठलेले असते.

कष्टाळू माणूसही आळशी ठरू शकतो, हा विचार महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नात अधिक नेमकेपणाने येतो. आळस कशाला म्हणावे, या प्रश्नावर युधिष्ठिर सांगतो, की धर्माच्या, म्हणजे कर्तव्याच्या, बाबतीतील निष्क्रियता हा आळस होय. या व्याख्येने आळसाचे माप श्रमांवरून काढून कर्तव्यावर आणले. आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला बौद्ध आचार्य शांतिदेव ‘बोधिचर्यावतारा’च्या सातव्या परिच्छेदात वीर्याचे, म्हणजे शुभकर्मातील उत्साहाचे, विरोधी दोष सांगताना आळसाच्या जोडीला क्षुद्र गोष्टींतील आसक्ती आणि खिन्नतेतून येणारी आत्मावमानना यांनाही बसवितो. ज्या दिवशी महत्त्वाचा कागद लिहायचा असतो नेमक्या त्याच दिवशी गोठा झाडणे, मोटारसायकल धुणे आणि मोबाइलवरील जुने संदेश काढून टाकणे ही कामे निकडीची वाटू लागतात, तेव्हा माणूस शांतिदेवाच्या दुसऱ्या दोषाच्या तावडीत असतो. आणि ‘आपल्याकडून हे व्हायचे नाही’ असे तो मनाशी म्हणतो, तेव्हा तिसऱ्या.

ख्रिस्ती साधनापरंपरेतही हा अनुभव नोंदलेला आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते आणि तिला दूरदूरच्या गावांतील भाविक येतात; तो ख्रिस्ती धर्म ज्या वाळवंटी मठवासीयांच्या चिंतनातून घडत गेला, त्यांपैकी चौथ्या शतकातील इव्हाग्रिअस याने ‘अकेडिआ’ या विकाराचे वर्णन केले आहे. अकेडिआ म्हणजे साधनेविषयी येणारी उबगलेली मरगळ. तिने ग्रासलेला साधक पुन्हा पुन्हा सूर्याकडे पाहतो, दिवस सरता सरत नाही असे त्याला वाटते, राहती कोठडी नकोशी होते आणि दुसरीकडे गेल्यास साधना अधिक चांगली होईल अशी खात्री वाटू लागते. चालढकलीचे हे सर्वांत फसवे रूप होय, कारण त्यात ध्येय सोडलेले नसते. ते केवळ अधिक अनुकूल स्थळाच्या आणि काळाच्या हवाली केलेले असते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. धर्मपरंपरा उतावळेपणालाही दोष मानतात, धीराची थोरवी गातात, मग प्रत्येक विलंब तामस कसा म्हणता येईल? महाभारताच्या शांतिपर्वात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सापडतात. एका आख्यानात तीन मासे आहेत. संकट ओळखून आधीच निघून गेलेला पहिला आणि ऐनवेळी युक्ती लढविणारा दुसरा वाचतात, तर घाई कशाला असे म्हणणारा दीर्घसूत्री कोळ्यांच्या हाती सापडून मरतो. त्याच पर्वातील दुसऱ्या आख्यानात गौतमाचा पुत्र चिरकारी आहे. पत्नीवर रागावलेला गौतम मुलाला मातेच्या वधाची आज्ञा देऊन वनात जातो. पित्याची आज्ञा आणि मातेचे रक्षण यांपैकी मोठा धर्म कोणता याचा विचार करीत चिरकारी दीर्घकाळ थांबतो, आणि पश्चात्तापाने होरपळलेला गौतम परततो तेव्हा पत्नी जिवंत पाहून मुलाच्या विलंबाची स्तुती करतो. एकाचा विलंब मृत्यू ओढवून घेतो, दुसऱ्याचा मृत्यू टाळतो.

दोघांतील फरक वेळेच्या लांबीत नाही. चिरकारीने थांबलेल्या काळात प्रश्न क्षणभरही नजरेआड होऊ दिला नाही. दीर्घसूत्री मासा थांबला तो प्रश्नाकडे पाहावे लागू नये म्हणून. चिरकारी जे करायचे लांबवीत होता ते पुन्हा उलटविता येणारे नव्हते. माशाने मात्र जे लांबविले त्याची संधीच निघून जाणारी होती. विलंब विचाराला जागा देतो की विचारालाच टाळतो, ही त्याची खरी कसोटी होय. कुरुक्षेत्रावर धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला या कसोटीवर दीर्घसूत्री म्हणता येत नाही, कारण त्याने आपला संशय लपविला नाही, तो उघड मांडला आणि उत्तर मागितले. म्हणूनच उपदेशाच्या शेवटी श्रीकृष्णही त्याला घाई न करता, सर्व सांगितलेल्याचा पुरता विचार करून मग इच्छेस येईल तसे कर, असे सांगतो.

श्रीरामपूरपासून जवळच असलेल्या शिर्डीतील ‘श्रद्धा आणि सबुरी’ या शिकवणुकीचा अर्थही याच कसोटीने लावावा लागतो. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्री साईसच्चरिता’त, मंत्रोपदेशासाठी उपोषणाला बसलेल्या राधाबाई देशमुखीण या वृद्धेला साईबाबा सांगतात, की आपल्या गुरूने आपल्याकडून दोनच पैसे मागितले, एक निष्ठेचा आणि दुसरा सबुरीचा. तेथील सबुरी गुरुसेवेतच मुरलेली आहे; आपल्या हातचे करून झाल्यावर, जे आपल्या हाती नाही त्या फळासाठी वाट पाहणे असे तिचे स्वरूप आहे. न पेरता पिकाची वाट पाहणाऱ्याने सबुरीचे नाव घेणे ही त्या शिकवणुकीची विटंबना होय. ‘योग आला की होईल’, ‘मुहूर्त लागला की बघू’, ‘देवाच्या मनात असेल तेव्हा’ ही वाक्ये श्रद्धेच्या भाषेत बोलली जातात, परंतु त्यांतून पुष्कळदा स्वतःच्या वाट्याचे कर्म देवाच्या खात्यावर टाकले जाते. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची आणि सदेवाची, म्हणजे भाग्यवंताची, लक्षणे लागोपाठच्या दोन समासांत सांगितली आणि भाग्याचा विचार माणसाच्या वागणुकीशी जोडला, त्यामागे दैवाच्या आडोशाला बसण्याची हीच सवय मोडून काढण्याचा रोख दिसतो.

मग उपाय कोणता? निव्वळ निश्चयावर भिस्त ठेवणे पुरेसे नाही, कारण चालढकल करणाऱ्याकडे निश्चयांची वाण नसते. तो रोज नवा निश्चय करतो आणि तो पाळण्याची जबाबदारी उद्याच्या स्वतःवर सोपवितो, जणू उद्या उठणारा माणूस कोणी दुसरा, अधिक खंबीर, अधिक मोकळा असणार आहे. धार्मिक आचाराने या भ्रमावर शोधलेला तोडगा सामुदायिक आहे. गोदावरीकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील अखंड हरिनाम सप्ताह असो वा गावोगावचे लहान सप्ताह असोत, त्यांत वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. पहारे आधीच वाटलेले असतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला ज्याचे नाव लागले आहे तो झोपेतून उठून येतो, आधीच्या विणेकऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. त्या क्षणी त्याला उत्साह आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. केव्हा करायचे हा निर्णय त्या घटकेच्या मनःस्थितीवर सोडलेला नसतो, काम एका माणसाला पेलेल इतके लहान केलेले असते, आणि आपण न उठल्यास आधीचा माणूस ताटकळत उभा राहील हे प्रत्येकाला ठाऊक असते. काळ, मर्यादा आणि दुसऱ्याचे ऋण या तिन्हींचा आधार मिळाला की संकल्पाला मनाच्या लहरीवर तगून राहावे लागत नाही. पाणीमागणीचा अर्ज शेजाऱ्यासोबत अमुक वारी, अमुक वेळी जाऊन भरण्याचे ठरविणारा शेतकरी व्यवहारात हाच मार्ग धरीत असतो.

तरीही एक अवघड जागा उरते, ती म्हणजे आधीच झालेला उशीर. वारसनोंद दहा वर्षे रखडलेली असेल, तर त्या दहा वर्षांची लाज हेच अकरावे वर्ष वाया जाण्याचे कारण होते. माणूस कामापेक्षा त्या लाजेलाच अधिक टाळू लागतो. २०१० मध्ये मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखविले, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली त्यांची चालढकल पुढच्या परीक्षेला कमी झाली. गीतेच्या नवव्या अध्यायात याहून धीट भूमिका आहे : अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावे, कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे. येथे साधुत्वाचा आधार गतकाळाच्या हिशेबावर ठेवलेला नाही, वर्तमानातील वळणावर ठेवलेला आहे. ही सूट नव्हे. उशिराची भरपाई, दंड, दुरावलेल्या माणसांची मनधरणी यांतून कोणाचीच सुटका होत नाही. मात्र ज्याचे उद्यावर टाकणे अपराधभावनेवर पोसलेले असते, त्याच्या बाबतीत स्वतःला आणखी दूषणे देणे म्हणजे त्या विकारालाच खतपाणी घालणे ठरते, आणि म्हणून उशिरा का होईना, तलाठी कार्यालयाची पायरी चढणाऱ्याला आजवर का आला नाहीस असे न विचारणे, हा त्याच्या घरच्यांचाही धर्म ठरतो.