जाणणे कशाला म्हणावे?

आरोग्याविषयीची समज मोजण्याची एक छोटी चाचणी अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाली. आइस्क्रीमच्या डब्यावरील माहितीची चिठ्ठी हाती द्यायची आणि सहा प्रश्न विचारायचे. त्यांतला एक असा: ६० ग्रॅम कर्बोदकांची मुभा असेल, तर यातले किती आइस्क्रीम खाता येईल? अर्ध्या कपात ३० ग्रॅम, असे चिठ्ठी सांगते. उत्तर, एक कप.

समजा, हा प्रश्न चौदा वर्षांच्या दोन मुलींना घातला. एक निरोगी, दुसरीला टाइप १ मधुमेह. पहिलीला हे त्रैराशिक वाटेल. दुसरीच्या शरीरातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी तिच्याच रोगप्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या. ताटातला हिशेब करूनच तिने इन्शुलिन टोचून घ्यायचे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार दिवस जगतच नसत.

दोघींना गुण सारखे मिळाले, तर समजही सारखी म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. एकीचे ज्ञान वहीत आहे, दुसरीचे अंगात मुरलेले. पण म्हणून दुखण्याला गुरू मानून त्याचे गोडवे गाणे मला निर्दयपणाचे वाटते. शिवाय त्या ज्ञानाचाच पुढे जाच होतो. “एवढे कळते, मग साखर वाढली कशी?” असे आपण विचारतो. ताप येतो, वाढत्या वयात शरीरातले रस बदलतात, आणि बरोबर केलेला हिशेबही चुकतो. त्यात अज्ञान कुठले, अपराध तरी कुठला?

याची दुसरी बाजूही आहे. १०० मिलिलिटर रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की हातपाय थरथरतात, घाम फुटतो; आणखी उतरली की विचारच गोंधळतो. सारे जाणणाऱ्या मुलीचे ज्ञान नेमके त्याच घटकेला तिच्या हाती राहत नाही. ते शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीपाशी असावे लागते: ती शुद्धीवर आहे, गिळू शकते, तोवर तिला साखरपाणी द्यावे, एवढे तरी! म्हणजे निरोगी मुलीची समज ही केवळ तिच्यापुरती नव्हे.

म्हणून, वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटापुढे एखादे मूल क्षणभर थबकले, तर “एका लाडवाने काय होते?” म्हणू नका, आणि “गोड तुला वर्ज्य” असेही म्हणू नका. ते हिशेब करीत आहे. तेवढा वेळ त्याला देणे, ही आपल्या समजेची परीक्षा.