तज्ज्ञाला काय सांगू नये

गुन्ह्याच्या बातमीत ‘ठसे जुळले’ असे वाचले की आपल्या मनात खटला तिथेच निकालात निघतो. साक्षीदार फितूर होतात, कबुलीजबाब मारहाण करून घेतलेला असू शकतो. ठशाला मात्र कुणाची बाजू घ्यायची नसते. पण ठसा जुळला की नाही, हे अखेर एक माणूस ठरवतो. त्या माणसाच्या कानावर आधी काय पडले आहे, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. १९० हून अधिक माणसे मेली. स्थानकाजवळच्या एका व्हॅनमध्ये डिटोनेटर असलेली निळी प्लॅस्टिकची पिशवी मिळाली. तिच्यावर बोटाचा अर्धवट ठसा होता. अमेरिकी तपास यंत्रणा एफबीआयच्या संगणकाने त्याच्याशी साधर्म्य असलेले २० ठसे काढून दिले. त्यातला चौथा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील एका वकिलाचा होता. एफबीआयच्या तीन ठसेतज्ज्ञांनी तो जुळवला. स्पॅनिश पोलिसांनी एप्रिलमध्येच ‘जुळत नाही’ असे कळवले, तरीही ६ मे रोजी वकिलाला अटक झाली. १९ मे रोजी न्यायालयात स्वतंत्र तज्ज्ञानेही एफबीआयच्या मताला दुजोरा दिला, आणि त्याच दिवशी स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे कळवले. वकील सुटला, सरकारने माफी मागितली आणि २० लाख डॉलर भरपाई दिली.

चौघांपैकी कुणी अडाणी नव्हते, कुणी लबाडही नव्हते. २००६ च्या सरकारी चौकशी अहवालात चुकीची वाट दिसते. दोन्ही ठशांत खरोखरच साम्य होते. काही खुणा जुळल्यावर वकिलाचा स्वच्छ ठसा पाहून पिशवीवरच्या पुसट ठशात उरलेल्या खुणा ‘दिसू’ लागल्या. वरच्या डाव्या भागातल्या रेषा जुळेनात, तेव्हा तो दुसऱ्या स्पर्शाचा भाग ठरवला गेला. पडताळणी करणाऱ्यांना आधीच्या तज्ज्ञाचे मत ठाऊक होते. वकिलाने इस्लाम स्वीकारलेला होता; हे पुढे कळल्यावर फेरविचाराची निकड आणखीच कमी झाली असावी, असेही अहवाल सुचवतो.

त्याच वर्षी संशोधक इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना, त्यांनीच पूर्वी जुळवलेली ठशांची जोडी ‘माद्रिद प्रकरणात फसलेली जोडी’ म्हणून दाखवली. तिघांनी ‘जुळत नाही’ म्हटले, एकाने ‘ठरवता येत नाही’. एकच आपल्या मतावर ठाम राहिला.

म्हणून ठसेशास्त्र मोडीत काढावे, असे मुळीच नाही. २०११ मध्ये १६९ तज्ज्ञांची चाचणी झाली, तेव्हा चुकीने जुळवण्याचे प्रमाण ०.१ टक्का होते. पण चाचणीत बॉम्बस्फोटाचा दबाव नसतो.

१८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचा दफ्तरखाना उभा करणारा हा देश आहे. नव्या फौजदारी कायद्याने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाण्याची तरतूद केली, हे चांगलेच झाले. त्यासोबत कामाची शिस्तही हवी. मुद्देमालाबरोबर गुन्ह्याची हकीकत जाते. ती ठसे तपासणाऱ्याच्या टेबलावर येऊ नये. त्याने घटनास्थळचा ठसा आधी एकटा पाहावा, खुणा नोंदवाव्यात, मगच संशयिताचा ठसा हाती घ्यावा. पडताळणी करणाऱ्याला पहिले मत कळू नये. अहवालात चुकीची शक्यता लिहावी. आणि गरीब आरोपीलाही तज्ज्ञाची उलटतपासणी जाणकार वकिलाकडून करवून घेता यावी.

याला आरोपीची बाजू घेणे म्हणतील. पण चुकीचा माणूस कोठडीत असेपर्यंत खरा गुन्हेगार मोकळा असतो. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांचा या शिस्तीवर पहिला हक्क आहे.