स्वमूल्यांकन आणि हकीकत

गुणवत्तेची खातरी असावी, हे तत्त्व कोणताही प्राध्यापक अमान्य करणार नाही. मात्र ती खातरी त्याच्याच वर्गाविषयी मागितली गेली, की त्याचा सूर बदलतो. हा केवळ आळस वा अहंकार होय, असे आम्ही मानत नाही. त्यामागे एक रास्त शंका आहे आणि एक गंभीर दोषही आहे. दोहोंची गल्लत होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम शंकेविषयी. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अनुषंगाने 1994 मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे आपल्या बोलण्यातील ‘नॅक’, स्थापन झाली. संस्थेने सात निकषांवर स्वतःचा अहवाल लिहावा आणि बाहेरील जाणकारांनी तो पडताळावा, ही तिची मूळ पद्धती. हेतू उचितच होता. परंतु वर्गात उमटलेला एखादा विचार विद्यार्थ्याच्या मनात दहा वर्षांनी रुजतो, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? उलट, जे मोजले जाते त्याचेच पीक वाढते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक ठरविले; पुढे शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पेवच फुटले आणि मे 2018 मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून 4305 नियतकालिके वगळावी लागली. हिशेब मागण्याच्या रीतीनेच विश्वास कसा पोखरला जातो, हे ओनोरा ओनील या तत्त्वज्ञ विदुषीने 2002 च्या बीबीसी व्याख्यानमालेत विस्ताराने मांडले होते. आपल्या सुरतेत हिऱ्याची पारख रोज होते. पण पारख होणार म्हणून हिरा आपले रूप बदलत नाही. महाविद्यालय बदलते.

तथापि शंका रास्त आहे, म्हणून मूल्यांकनच नको, हा निष्कर्ष निघत नाही. विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासाला तीन तासांच्या उत्तरपत्रिकेवरून अंक देणारा प्राध्यापक, आपले काम अंकांत मावत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? शिवाय उधना-लिंबायतच्या वस्तीत खानदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबातील पहिलीच मुलगी महाविद्यालयाची पायरी चढते, तेव्हा तिला सल्ला देणारे घरात कोणी नसते. प्रतिष्ठितांच्या मुलांना ऐकीव माहिती पुरते; तिला मात्र विश्वासार्ह श्रेणीचाच आधार. तिच्यापुढे जबाब देण्यास नकार देणे, याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

आता दोषाविषयी. खाजगीत मूल्यांकनाची थट्टा करावयाची आणि समिती येणार म्हटले, की न झालेल्या सभांची इतिवृत्ते लिहून काढावयाची, हा दुटप्पीपणा अनेक ठिकाणी अंगवळणी पडला आहे. ‘सगळेच करतात’ हे त्याचे समर्थन. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून पाहणी समितीच्या सदस्यांनाच अटक केली, तेव्हा प्राध्यापकवर्ग हळहळला. आमच्या मते त्याहून मोठी हानी गाजावाजा न होता घडते. मागील तारखांच्या कागदांवर सह्या करण्यासाठी विद्यार्थ्यांना बोलावले जाते, तेव्हा नक्कल करू नये, हा उपदेश फोल ठरतो. श्रेणी चुकली तर पुढील फेरीत सुधारेल. गुरुजनांनीच शिकविलेला हा धडा पुसला जात नाही.

आपल्या शहरातील विद्यापीठाची स्थापना 1967 मध्ये झाली आणि 2004 मध्ये त्यास कवी नर्मदाचे नाव देण्यात आले. याच सुरतेच्या नर्मदाने 1866 मध्ये ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहिले. काही गोष्टी आपण सांगणार नाही, पण जे लिहू ते आपल्या जाणिवेप्रमाणे खरेच असेल, अशी त्याची प्रतिज्ञा होती. स्वमूल्यांकनाची याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

मोजता न येणारे मोजू नये, असे परिषदेस खुशाल सांगावे. तसे सांगणे हे प्राध्यापकांचे कर्तव्यच आहे. परंतु तो अधिकार सत्य अहवाल लिहिणाऱ्यासच पोहोचतो. ग्रंथालयात वाचक येत नसतील, तर येत नाहीत असे लिहावे. त्यापायी एखादी श्रेणी खाली आली, तरी आपल्या शब्दावर विद्यार्थ्यांनी विश्वास ठेवावा, असे म्हणण्याचा हक्क शाबूत राहील.